झिजलेल्या गिटारीची खरेदी-मीमांसा

वापराने वस्तूची किंमत उतरते हा मध्यमवर्गीय अर्थशास्त्राचा पाया असून जुन्या स्कूटरी, फ्रीज आणि शिलाई यंत्रे यांचे व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या याच पायावर होत आले आहेत. इलेक्ट्रिक गिटार हे वाद्य मात्र या शास्त्राला जुमानत नाही. तिचा रंग कोपराखाली उडालेला असावा, पाठीवर पट्ट्याच्या बक्कलाने ओरखडे काढलेले असावेत, मानेवरचे रोगण अंगठा फिरून फिरून पार निघून गेलेले असावे, आणि एवढे सगळे असताना विक्रेत्याने नव्या गिटारीहून चढी किंमत सांगावी, यात कोणालाही काही वावगे वाटत नाही. उलट साठ वर्षांची गिटार रंग शाबूत ठेवून समोर आली, तर जाणकार ग्राहक साशंक होतो आणि हिच्यात असे काय वाईट होते की ती कोणी वाजवलीच नाही, हा विचार त्याला घेरतो.

प्रस्तुत विवेचनापुरती इलेक्ट्रिक गिटार म्हणजे पोकळ पेटी नसलेली, भरीव लाकडी फळीची गिटार होय. तिच्या तारांखाली चुंबकांभोवती केसाइतकी बारीक तांब्याची तार हजारो वेढे देऊन गुंडाळलेली असते. या जोडणीला पिकअप म्हणतात. वरची पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्रात बदल होतो, वेढ्यांत क्षीण विद्युत्‌प्रवाह निर्माण होतो आणि तो वाढवून शेजाऱ्यांपर्यंत पोहोचवण्याचे काम ॲम्प्लिफायर करतो. या वर्गातील सर्वाधिक नक्कल झालेल्या वाद्यांपैकी एक असलेली स्ट्रॅटोकास्टर १९५४ मध्ये बाजारात आणणारे लिओ फेंडर हे मुळात कॅलिफोर्नियातील फुलर्टनचे रेडिओ दुरुस्त करणारे गृहस्थ होते आणि त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. ही माहिती गिटार घेऊ पाहणाऱ्या अनेक प्रौढांना आजही मोठा धीर देते. पुढे १९६५च्या जानेवारीत त्यांची कंपनी १ कोटी ३० लाख डॉलरला सीबीएस या प्रसारण कंपनीकडे गेली, मग दर्जा ढासळला अशी वादकांची समजूत झाली, आणि त्याआधीच्या गिटारींना ‘प्री-सीबीएस’ ही जवळजवळ घराणेदार ओळख मिळाली. कारखान्यातील माणसे, यंत्रे आणि लाकडाचे ढीग त्या जानेवारीत एका रात्रीत बदलले नव्हते. परंतु घराणे कोठून सुरू होते आणि कोठे संपते हे ठरवताना लाकडाला कोणी विचारत नाही.

झिजेला प्रतिष्ठा देणारे थोर उदाहरण आयर्लंडचे. रोरी गॅलहर या वादकाने १९६३ मध्ये कॉर्क शहरातील एका दुकानातून १९६१ची स्ट्रॅटोकास्टर १०० पौंडांना घेतली. ती आधीच सेकंडहँड होती, कारण मूळ मालकाने लाल रंगाची मागवली असताना त्याच्या हाती कडेला काळपट आणि मधे पिवळसर अशी, ज्याला सनबर्स्ट म्हणतात त्या रंगाची गिटार पडली होती. लाल रंगाच्या हट्टापायी एका माणसाने काय गमावले याचा हिशेब पुढे लागला. मधल्या काळात ती चोरीला गेली, डब्लिनमध्ये एका खड्ड्यात पावसात भिजत पडलेली सापडली, आणि उरलेला रंग वादकाच्या घामाने नेला. त्याचा घाम म्हणे फारच आम्लधर्मी होता. अखेरीस जिच्यावर रंगापेक्षा उघडे लाकूडच अधिक दिसते अशी ही फळी २०२४च्या लिलावात ८ लाख ८९ हजार पौंडांवर गेली आणि आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयाकडे सुपूर्द झाली. मुंबईच्या दमट हवेत लोकलने प्रवास करणाऱ्या प्रत्येक गिटारवादकाला घाम हा गुंतवणुकीचा प्रकार वाटू लागावा, इतके हे उदाहरण मोहक आहे.

आता ज्यांना तीस-चाळीस वर्षे घाम गाळण्याइतकी सवड नाही त्यांचे काय, हा प्रश्न उद्योगाच्या लक्षात आल्यावाचून राहिला नाही. फेंडरच्या कस्टम शॉपने १९९५ मध्ये ‘रेलिक’ हा प्रकार आणला. यात कोऱ्या गिटारीचा रंग कुशल कारागिरांकडून खरवडून, धातूचे भाग गंजवून आणि कडांना पोचे पाडून ती जन्मतःच वृद्ध केली जाते. २००९ मध्ये मेक्सिकोत बनलेली, तुलनेने स्वस्त ‘रोड वॉर्न’ मालिका आली, म्हणजे वार्धक्यही मध्यमवर्गाच्या आवाक्यात आले. गिब्सन कंपनीने २०२१ मध्ये याच कामासाठी ‘मर्फी लॅब’ नावाचा विभाग उघडला असून तेथे झिजेचे अगदी सौम्य ते अतितीव्र असे टप्पे ठरलेले आहेत आणि मिसळीची तर्री सांगावी तशी ग्राहकाने आपली सोसण्याची ताकद ओळखून त्यांतला एक निवडायचा असतो. टप्पा जितका तीव्र तितका दर चढा, आणि त्यात अन्यायही नाही, कारण माणसाला ओरखडे काढायला बसवले म्हणजे त्याची मजुरी द्यावीच लागते. खऱ्या वादकाने हेच काम फुकट, शिवाय स्वतःचे पैसे घालून केलेले असते.

अस्सल झिजेच्या बाजूने एक ध्वनिशास्त्रीय युक्तिवादही नेहमी पुढे केला जातो. जुन्या गिटारींवर नायट्रोसेल्युलोज लॅकर नावाचे पातळ रोगण असे, जे थंडी-उन्हाने तडकते आणि घासून निघून जाते. १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून त्याची जागा अनेक ठिकाणी पॉलिएस्टरच्या जाड, काचेसारख्या थराने घेतली. पातळ रोगणाखाली लाकूड ‘श्वास घेते’ आणि म्हणून स्वर मोकळा लागतो, असे या पक्षाचे म्हणणे. झाड तोडल्यानंतर लाकडाने श्वास घेणे सोडून दिलेले असते हा आक्षेप येथे असभ्य मानला जातो. त्याहून अडचणीची गोष्ट अशी की १९६३च्या सुमारापासून फेंडर रंगाच्या आधी लाकडावर फुलरप्लास्ट नावाच्या कडक द्रव्याचा लेप देत असे. म्हणजे वरचे रोगण कितीही पातळ असले तरी खाली नाक आधीच बंद केलेले होते. तथापि हे सांगितल्याने आजवर कोणाचाही स्वर बिघडल्याचे दिसत नाही.

वरील सर्व इतिहास ठाऊक असलेला ग्राहक जेव्हा ठाणे, कोथरूड किंवा मडगाव येथील एखाद्या दिवाणखान्यात, सोफ्यावर आडव्या ठेवलेल्या प्रत्यक्ष गिटारीसमोर उभा राहतो, तेव्हा त्याचा निर्णय बहुधा जिन्यातच झालेला असतो. पुढची तपासणी घ्यावी की नाही यासाठी नसून किती कमी द्यावे यासाठी असते. विक्रेत्याचे निवेदनही ठरलेले असते. गिटार फक्त घरी वाजवली आहे, मन नाही विकायचे पण बंगळुरूला बदली झाली आहे, एक सेटअप करून घेतला की मस्त वाजेल. सेटअप म्हणजे तारांची उंची, मानेचा बाक आणि स्वरांची जुळणी नीट करून घेणे. जाणकाराच्या कोशात मात्र या शेवटच्या वाक्याचा अर्थ ‘आता मस्त वाजत नाही’ असा दिलेला असतो. गिटार परदेशी असेल तर तिच्या वंशवृत्तान्तात बोटीवर नोकरीला असलेला एक मामा हमखास येतो. आयातीवर कडक निर्बंध होते त्या काळात, म्हणजे १९९१च्या आधी, परदेशी वाद्ये खरोखरच अशा मामांच्या सामानातून येत असत, त्यामुळे ही कथा खोटी म्हणता येत नाही. तिचा दोष एवढाच की २००९च्या रोड वॉर्नलाही तोच मामा लावला जातो.

खरी साक्ष देतात त्या फ्रेट, म्हणजे मानेवर आडव्या बसवलेल्या धातूच्या पट्ट्या, ज्यांच्यामागे तार दाबली असता स्वर बदलतो. त्या बहुधा जर्मन सिल्व्हरच्या असतात, म्हणजे तांबे, निकेल आणि जस्त यांच्या मिश्रधातूच्या, ज्यात नावाखेरीज चांदी कोठेच नसते, आणि पोलादी तारेच्या मानाने मऊ असल्याने वर्षानुवर्षांच्या दाबाने त्यांच्यावर खाचा पडतात. खिडकीच्या उजेडात गिटार तिरपी धरून या खाचा वाचता आल्या, तर मागच्या मालकाचे संगीतचरित्र समोर उघडते. खाचा पहिल्या तीन फ्रेटवरच असतील आणि पुढे सर्वत्र नव्या नाण्यासारखी चकाकी असेल, तर तो गृहस्थ ‘एफ’ या कॉर्डपाशी थांबला असे खुशाल समजावे. एकाच तर्जनीने सहाही तारा दाबून धरायला लावणारी ही कॉर्ड म्हणजे गिटारशिक्षणातील खंडाळ्याचा घाट असून अनेक गाड्या तेथूनच मागे फिरतात आणि विक्रीला येतात. याउलट बाराव्या फ्रेटपासून पुढे पट्ट्यांचे माथे सपाट, रुंद झालेले दिसले, तर तेथे तार आडवी ओढून मींडेसारखे स्वर काढणारा कोणीतरी रात्री-अपरात्री बसलेला होता आणि त्याच्या घरच्यांनी ते सहन केलेले होते.

नकली म्हातारपण ओळखण्याची गुरुकिल्लीही येथेच आहे. फळीवर कोपराने चाळीस वर्षांचा रंग उडवलेला, पण फ्रेट काल बसवल्यासारख्या ताठ, असा देखावा असेल तर दोनच शक्यता उरतात: एक तर फ्रेट बदललेल्या आहेत, नाही तर मागचा मालक चाळीस वर्षे न वाजवता नुसता कोपर घासत बसला होता. दोन फ्रेटच्या मधले लाकूड पाहावे, कारण तेथे बोटांच्या टोकांनी पाडलेली उथळ, तेलकट झिलईची खळगी सँडपेपरला सहसा साधत नाही. हे लाकूड पुष्कळदा शिसवी असते. ब्राझीलच्या शिसवीच्या व्यापारावर १९९२ मध्ये आंतरराष्ट्रीय बंदी आल्यानंतर भारतीय शिसवीचा भाव आणखी वधारला, आणि त्यामुळे सह्याद्रीच्या कुशीत वाढणाऱ्या जातीचे लाकूड अमेरिकेला जाऊन, गिटार होऊन, जकात भरून परत येण्याचा प्रसंग घडू शकतो. अनिवासी भारतीयांच्या बाबतीत समाजाला या प्रवासाची पुरेशी सवय आहे.

ज्यांना हा सगळा प्रकार पाश्चात्त्य विक्षिप्तपणा वाटतो त्यांनी मिरजेच्या तंबोऱ्याची आठवण ठेवावी. तंबोऱ्याच्या घोडीवर तारा घासून चर पडतात, जवारी उतरते, आणि कारागिराकडून घोडीचा माथा पुन्हा घासून ती काढून घ्यावी लागते. तरीही जुन्या तंबोऱ्याबद्दल गवयाच्या घरात जी ममता असते ती नव्याच्या वाट्याला येत नाही. फ्रेटचेही तसेच आहे. सर्व पट्ट्या सर्वांत खोल खाचेपर्यंत कानशीने खाली आणता येतात, परंतु प्रत्येक वेळी धातू कमी होत असल्याने हा उपाय मोजक्याच वेळा चालतो आणि मग सगळ्या फ्रेट उपटून नव्या बसवाव्या लागतात. अशा वेळी ग्राहकाने खर्चाचा अंदाज काढून तो किमतीतून वजा मागावा हे तर्कशुद्ध होय. विक्रेता मात्र त्याच खाचांकडे बोट दाखवून ‘बघा, किती वाजली आहे’ असे म्हणत असतो, आणि दोघेही एकाच पुराव्याच्या आधारे परस्परविरुद्ध निकाल मागतात.

यापुढील तपासणी पुरुषमंडळींना विशेष प्रिय असते, कारण तीत बंदुकीसारखा एक डोळा मिटून मानेच्या कडेवरून पाहायचे असते. सहा तारांचा मिळून सुमारे ४५ किलोंचा ताण मानेवर अहोरात्र असतो आणि त्याला तोंड देण्यासाठी आत ट्रस रॉड नावाची पोलादी सळई घातलेली असते, जी पिळून मानेचा बाक कमी-जास्त करता येतो. ही सळई फिरते की जाम झाली आहे, यावर गिटारीचे भवितव्य अवलंबून असल्याने हाच सर्वांत महत्त्वाचा प्रश्न ठरतो. परंतु जुन्या धाटणीच्या स्ट्रॅटोकास्टरमध्ये सळईचे टोक मानेच्या बुडाशी असून तेथे पोहोचण्यासाठी मागचे चार स्क्रू सैल करून मान उचलावी लागते. मानेच्या बुडावर कारखान्यातील कामगाराने पेन्सिलीने लिहिलेली तारीखही असू शकते, म्हणजे वय आणि प्रकृती दोन्ही एकाच जागी दडलेली. परक्याच्या दिवाणखान्यात, चहाचा कप हातात असताना, ‘मी हिची मान काढून पाहू का’ असे विचारण्याचे धैर्य फार थोड्यांत असते, आणि ज्यांच्यात असते त्यांना दुसरा कप मिळत नाही.

गिटार ॲम्प्लिफायरला जोडल्यावर प्रथम जो आवाज येतो तो संगीताचा नसतो. एकेरी वेढ्यांचे पिकअप घरातील वीजतारांचा गुंजारव टिपतात. भारतात तो ५० हर्ट्‌झचा, अमेरिकेत ६० हर्ट्‌झचा, त्यामुळे अमेरिकी गिटार येथे आल्यावर थोड्या खालच्या सुरात कुरकुरते. हा गुंजारव घालवण्यासाठीच गिब्सनचे अभियंते सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये दोन वेटोळी उलटसुलट जोडून हंबकर हा प्रकार तयार केला, पण ज्यांना एकेरी वेढ्यांचा स्वर हवा ते गुंजारवही संसाराचा भाग म्हणून स्वीकारतात. त्यानंतर आवाजाची कळ फिरवताच खरखर होते. या कळीखालच्या भागाला पॉट म्हणतात आणि त्याच्या पाठीवर कारखान्याचा क्रमांक, वर्ष व आठवडा छापलेला असतो: ३०४६३४२ असे अंक असतील तर स्टॅकपोल कंपनीचा, १९६३च्या बेचाळिसाव्या आठवड्यातील पॉट. यावरून गिटार त्याआधीची मूळ भागांसह असू शकत नाही एवढेच सिद्ध होते, कारण पॉट गोदामात कितीही काळ पडून राहू शकतो. सोबत आलेला जाणकार मित्र मात्र हे अंक जन्मपत्रिकेच्या गांभीर्याने वाचतो. या मित्राचे स्वतःचे वादन कोणी ऐकलेले नसते. तो प्रत्येक गिटारीवर तेच चार स्वर छेडतो, डोळे मिटतो आणि ‘सस्टेन आहे’, म्हणजे स्वर टिकतो, असा निर्वाळा देतो.

खरखरणारा पॉट बदलावा काय, या साध्या प्रश्नात तत्त्वज्ञानाचा मोठा पेच आहे. न्यायदर्शनाने अवयव आणि त्यांपासून वेगळा असा अवयवी मानला, तर बौद्धांनी अवयवांपलीकडे अवयवी नावाची चीज नाकारली. जुन्या गिटारींचे व्यापारी या वादात एक तिसरा पक्ष मांडतात, तो असा की अवयवी असतो, पण एकदा सोल्डर उघडले की तो निघून जातो. त्यांच्या लेखी मूळचा नादुरुस्त पॉट नव्या, मुकाट काम करणाऱ्या पॉटपेक्षा मौल्यवान, आणि वाजवता येत नाहीत इतक्या झिजलेल्या मूळ फ्रेट सुरेख वाजणाऱ्या नव्या फ्रेटपेक्षा आदरणीय. गिटारवादक एरिक क्लॅप्टन यांनी या पक्षाला न विचारताच १९७० मध्ये नॅशव्हिलच्या एका दुकानातून सहा जुन्या स्ट्रॅटोकास्टर घेतल्या, तीन मित्रांना वाटल्या आणि उरलेल्या तिघींचे उत्तम भाग जोडून एक काळी गिटार बनवली. ‘ब्लॅकी’ नावाची ही खिचडी २००४च्या लिलावात ९ लाख ५९ हजार ५०० डॉलरला विकली गेली. त्यावरून भाग बदलल्याने किंमत उतरते हा नियम बदलणारा कोण यावर अवलंबून आहे असे दिसते. ठाण्याच्या विक्रेत्याने पॉट स्वतः बदललेला असल्यास घट धरावीच.

कुटुंबाचा दृष्टिकोन या साहित्यात फारसा नोंदलेला नाही, कारण तो थोडक्यात असतो. “अहो, घरात दोन आहेत ना?” या प्रश्नाला उत्तर देताना ग्राहक स्वरभेद, पिकअप आणि प्री-सीबीएस यांचा आधार घेतो, आणि “मग निदान धड रंग असलेली तरी घ्या” या पुढील सूचनेपाशी त्याचे सर्व ज्ञान निरुपयोगी ठरते. झीज हीच आपण विकत घेत आहोत, कोणीतरी केलेला रियाज आपल्याला तयार मिळत आहे, असे तो मनात मानत असतो. पण एफ कॉर्ड अजून नीट लागत नसताना ते बोलून दाखवणे अवघड जाते.

घासाघीस सुरू होते ती फ्रेटवरून, पॉटवरून आणि नसलेल्या केसवरून, आणि शेवटी येऊन अडते ती हमखास ट्रेमोलोच्या दांड्यावर. घोडीत फिरवून बसवायचा हा वाकडा धातूचा दांडा दाबला असता सर्व तारांचे स्वर एकदम खाली उतरतात. जुन्या गिटारीबरोबर तो नसतो. तो घरातच कुठेतरी आहे, सापडला की पाठवून देतो, असे विक्रेता सांगतो आणि त्या दांड्यापोटी आणखी पाचशे रुपये कमी करून व्यवहार पुरा होतो. मग नवा मालक बाजारातून दांडा आणतो, आणि अमेरिकी गिटारींचे आटे इंची मापाचे तर इतर ठिकाणच्या अनेक गिटारींचे मेट्रिक मापाचे असतात, ही गोष्ट त्याला दांडा अर्ध्यावर अडकल्यावर कळते. जोर केला तर ठोकळ्यातील आटे जातील या भीतीने तो दांडा काढून कपाटाच्या खणात ठेवला जातो. पुढे केव्हातरी गिटार विकायला काढल्यावर जिना चढून आलेल्या ग्राहकाला हा मालकही दांडा घरातच कुठेतरी आहे असे सांगतो, आणि त्याचे हे विधान अक्षरशः खरे असते.